आवडले म्हणजे शिकले नव्हे

वर्गातील तंत्रज्ञानाविषयी विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची मते जिथे विचारली जातात, तिथे उत्तरांचा साचा फारसा बदलत नाही. विद्यार्थ्यांना पडद्यावरचा धडा आवडतो, टॅब हाताळायला मिळाला की ते खूश असतात, न समजलेला भाग पुन्हा बघता येतो हे त्यांना सोयीचे वाटते. शिक्षक मात्र हातचे राखून बोलतात. उपयोग आहे, पण वेळ फार जातो; मध्येच वीज जाते; मुले भरकटतात; गणितात तर फळ्याशिवाय भागत नाही. या दोन उत्तरांवरून मग तिसरेच विधान केले जाते: मुले पुढे गेली, शिक्षक मागे राहिले, आणि शिक्षकांची मानसिकता बदलली की शिक्षण आपोआप बदलेल. प्रशिक्षणवर्गांतल्या भाषणांत, उपकरणे विकणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत आणि शैक्षणिक पुरवण्यांत हे विधान इतके सर्रास आढळते की त्याला पुरावा मागण्याचे कुणाला सुचत नाही.

पुरावा मागितला तर ते टिकत नाही. विद्यार्थ्यांच्या पसंतीवरून ते किती शिकले हे कळत नाही, आणि शिक्षकांच्या आक्षेपाला अडाणीपणा किंवा आळस म्हणणे हा सरळसरळ अन्याय आहे. गेल्या वीस वर्षांत ज्या काळजीपूर्वक चाचण्या झाल्या, त्यांचे निकाल या मागे राहिलेल्या म्हटल्या जाणाऱ्या शिक्षकांच्या म्हणण्याशीच जास्त जुळतात.

आधी विद्यार्थ्यांचे उत्तर तपासायला हवे. पाचवीतल्या मुलीला 'टॅबवर शिकायला आवडते का' असे विचारले की ती आवडीबद्दल सांगते, आणि खरेच सांगते. रोजच्या खडू-फळ्यात काही वेगळे आले, रंग आले, आवाज आला, तिला आवडणारच. ही आवड क्षुल्लक नाही. मूल आज शाळेत येणार की धाकट्या भावंडाला सांभाळत घरी बसणार हाच जिथे रोजचा प्रश्न आहे, तिथे शाळेची ओढ लावणारी कोणतीही गोष्ट मोलाची असते. चूक होते ती पुढच्या पायरीवर. आवडीच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर शिकण्याच्या रकान्यात भरले जाते.

शिकल्यासारखे वाटणे आणि प्रत्यक्ष शिकणे यांत किती अंतर असू शकते, याचा एक नेटका पुरावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला अनुभवी प्राध्यापकाचे सफाईदार व्याख्यान ऐकवले. दुसऱ्या गटाला त्याच विषयावरची उदाहरणे आपसांत चर्चा करून स्वतः सोडवायला लावली. नंतरच्या चाचणीत दुसरा गट पुढे होता. पण आपण किती शिकलो असे विचारल्यावर व्याख्यान ऐकलेल्यांनाच आपण जास्त शिकलो असे वाटत होते. कारण उघड आहे. स्वतः सोडवताना मूल अडते, चुकते, वैतागते, आणि या अडखळण्यालाच ते 'समजत नाही' असे नाव देते. ओघवते बोलणे ऐकताना काहीच अडत नाही, म्हणून सगळे समजले असे वाटते. या प्रयोगात संगणकाचा प्रश्नच नव्हता. मात्र सुबक ॲनिमेशनचा पाठ हा त्या सफाईदार व्याख्यानाचाच धाकटा भाऊ आहे. पानाच्या आत हरितद्रव्य, सूर्यप्रकाश आणि पाणी यांची हालचाल दीड मिनिटात सुरेख दिसते, वर्ग माना डोलावतो, आणि दुसऱ्या दिवशी 'रोपाचे वजन वाढते ते कशामुळे' असे विचारले की बहुतेक हात 'मातीमुळे' म्हणण्यासाठी वर होतात.

विद्यार्थ्यांना दुसरा प्रश्न विचारला की त्यांचीही उत्तरे बदलतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटना पंधरा वर्षांच्या मुलांची जी 'पिसा' चाचणी घेते, तिच्या २०२२ च्या फेरीत संघटनेच्या सदस्य देशांतील सरासरी ६५ टक्के मुलांनी सांगितले, की गणिताच्या निदान काही तासांना डिजिटल उपकरणे वापरताना आपले लक्ष विचलित होते. शेजारच्या मुलांच्या उपकरणांमुळे लक्ष जाते असे म्हणणारे ५९ टक्के होते. २०१३ मध्ये कॅनडातील एका प्रयोगात विद्यापीठाच्या वर्गात ज्यांच्या नजरेसमोर दुसऱ्याचा लॅपटॉप आणि त्यावरचे भलतेच उद्योग होते, त्या विद्यार्थ्यांचे आकलन १७ टक्क्यांनी कमी भरले. त्यांच्या स्वतःच्या हातात तर कागद आणि पेनच होते. शिक्षकखोलीत 'मुले भरकटतात' असे जे म्हटले जाते, तेच ही मुले आकड्यांत सांगत आहेत. म्हणजे या बाबतीत विद्यार्थी आणि शिक्षक यांची मते एकमेकांच्या विरोधात नाहीतच. विरोध प्रश्नावलीतून निर्माण झालेला आहे.

त्याच पिसा पाहणीत शाळेत अभ्यासासाठी दिवसाला तासाभरापर्यंत उपकरणे वापरणारी मुले अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा गणितात १४ गुणांनी पुढे होती, हेही सांगायला हवे. त्यावरून उपकरणांमुळेच ते गुण आले असे सिद्ध होत नाही, पण सरसकट बंदीची मागणीही त्यावर उभी राहत नाही. जाणते शिक्षक तशी मागणी करतही नाहीत. ते विचारतात ते इतकेच, की कोणत्या पाठाला, किती वेळ आणि कशासाठी.

भारतातील ग्रामीण भागाचे चित्र 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालात आहे. १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केले असे त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी सांगितले. समाजमाध्यमे वापरल्याचे ७६ टक्के मुलांनी. मुलांना यंत्र येते, त्यामुळे यंत्रावर शिकणेही येते, हे गृहीतक या दोन आकड्यांमधल्या अंतरात कोसळते. एक वर्ष आधीच्या, १४ ते १८ वयोगटाच्या 'असर' पाहणीत सुमारे चौथा हिस्सा मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत सराईतपणे वाचता येत नव्हता, आणि निम्म्याहून अधिक मुले तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागताना अडत होती. त्याच वयोगटातील सुमारे नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता.

आता शिक्षकांकडे वळायचे. त्यांना तंत्रज्ञान येत नाही किंवा नको आहे, हा आरोप महाराष्ट्रात तरी करण्याजोगा नाही. या राज्यात डिजिटल शाळांची जी लाट आली ती मंत्रालयातून खाली उतरली नव्हती; ती जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी उभी केली होती. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याची शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, आणि परत येऊन त्यांनी आपापल्या गावांत लोकवर्गणी गोळा केली, प्रोजेक्टर घेतले, भिंती रंगवल्या, पदरमोड केली. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून तिथून ध्वनिफीत किंवा चित्रफीत उघडण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याच्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गात वापरली; पुढे ती राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आणि त्यानंतर एनसीईआरटीच्या पुस्तकांतही आली. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ज्यांच्या सहकाऱ्यांनी हे केले, त्यांना तंत्रज्ञानाचे शत्रू ठरवण्याआधी आरोप करणाऱ्यांनी दोनदा विचार करायला हवा.

'मग काही शिक्षकांना जमते, बाकीच्यांना का जमू नये?' असा प्रश्न इथे हमखास येतो. त्याचे उत्तर त्या उदाहरणांतच आहे. या शिक्षकांनी आधी आपल्या वर्गातली अडचण पाहिली आणि मग तिच्यासाठी साधन शोधले. निर्णय त्यांचा होता, वेळ त्यांनी ठरवला होता, आणि न जमलेली गोष्ट सोडून देण्याची मोकळीक त्यांना होती. योजनेतून येणारे साधन याच्या नेमके उलट येते. आधी खोके येते, मग एक दिवसाचे प्रशिक्षण, मग वापराचा अहवाल भरण्याची लिंक. कोणत्या अडचणीसाठी ते आले हे कुणी सांगत नाही. परितेवाडीचा दाखला देऊन बाकीच्या शाळांना दोष देताना हा फरक वगळला जातो, आणि तो वगळला की दाखल्याला अर्थच उरत नाही.

योजनेतून आलेल्या साधनाचे पुढे काय होते, ते दोनशिक्षकी शाळेत दिसते. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक असतात. म्हणजे पहिली ते चौथीच्या शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता. डिजिटल पॅनेल एकच असते आणि ते त्या खोलीत बसते जिथला प्लग चालू आहे. तिसरीला भागाकाराची ओळख दाखवायची तर चौथीनेही ती बघायची, नाहीतर व्हरांड्यात बसायचे. पावसाळ्यात वीज दुपारी जाते. उन्हाळ्यात भारनियमन. शाळांच्या वीजबिलासाठी पुरेसा निधी वेळेवर येत नाही, थकबाकी साचते आणि जोडणी तोडली जाते, ही राज्यातल्या जिल्हा परिषद शाळांची कित्येक वर्षांची रडकथा आहे. पॅनेल बिघडले तर हमीचा काळ संपलेला असतो, दुरुस्तीचा माणूस तालुक्याच्या गावाहून यायचा असतो आणि त्याचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचे हे कुणालाच ठाऊक नसते. ज्याला हे रोज सोसावे लागते त्याने 'उपयोग आहे, पण' असे म्हटले, तर त्या 'पण' मध्ये तंत्रज्ञानाची भीती शोधणे चुकीचे आहे. तो आपल्या शाळेची खरी परिस्थिती सांगत असतो.

आणखी एक गोष्ट मतांच्या या सर्वेक्षणांत कधीच विचारली जात नाही. शिक्षकाच्या आयुष्यात तंत्रज्ञान आधी शिकवण्याचे साधन म्हणून आले की माहिती भरण्याचे? सरल आणि यू-डायस प्लस ही माहिती भरायची संकेतस्थळे, पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंद, विद्यार्थ्यांचे आधार जुळवणे, त्यावर अवलंबून असलेली शिक्षकपदांची संचमान्यता, प्रत्येक उपक्रमाचे छायाचित्र आणि त्याची लिंक, ती भरली का हे विचारणारा केंद्रप्रमुखांचा संदेश. आधारवरच्या आणि शाळेच्या दाखल्यावरच्या नावात एका वेलांटीचा फरक निघाला तर ते मूल यादीत अवैध ठरते, आणि पुरेशी मुले अवैध ठरली तर शिक्षकाचे पद धोक्यात येते. हे सगळे एकाच फोनवर होते, जो शिक्षकाने स्वतःच्या पगारातून घेतलेला असतो, आणि बऱ्याच वेळा शाळेच्या वेळात होते. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. ऑनलाइन माहिती भरणे मात्र शाळेचेच काम म्हणून त्यातून निसटते. महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी 'आम्हाला शिकवू द्या' अशी घोषणा देत मोर्चे काढले, ते या कामांविरुद्ध. हाच शिक्षक सर्वेक्षणात तंत्रज्ञानाबद्दल कंटाळून बोलला की त्याची नोंद 'नकारात्मक दृष्टिकोन' अशी होते. त्याचा कंटाळा ज्या तंत्रज्ञानाचा आहे त्याचा मुलांच्या शिकण्याशी संबंधच नाही, ही साधी गोष्ट विश्लेषणात हरवते.

शिक्षकांच्या आक्षेपाचा गाभा मात्र वीज, वेळ आणि लिंका यांच्या पलीकडे आहे. मूल कुठे चुकते हे यंत्राला दिसत नाही, असे ते म्हणतात. हे म्हणणे जुन्या वळणाचे वाटते. एका उदाहरणात त्याचे वजन कळते. दुसरी-तिसरीच्या वर्गात ५२ मधून २७ वजा करायला दिले. बरोबर उत्तर २५. दोन मुलांनी ३५ लिहिले. पहिल्या मुलाने एककाच्या घरात २ आणि ७ पाहिले, मोठ्यातून लहान जाते एवढे त्याला माहीत, म्हणून ७ मधून २ काढून ५ लिहिले. दशकाच्या घरात ५ मधून २ गेले, ३ उरले. दुसऱ्या मुलीने एक दशक सुटा केला, १२ मधून ७ काढून ५ लिहिले, पण सुटा केलेला दशक कमी करायला ती विसरली आणि ५ मधून २ काढून ३ लिहिले. उत्तर एकच, चूक एकच दिसते. प्रत्यक्षात मुलाला दशक सुटा करणे ही कल्पनाच समजलेली नाही. त्याच्या हातात पुन्हा काड्या आणि गठ्ठे द्यायला हवेत. मुलीला ती समजली आहे, फक्त मांडणीची सवय व्हायची आहे. तिला काड्यांकडे परत नेले तर ती कंटाळेल. बहुतेक ॲपांत दोघांपुढे तीच लाल फुली येते आणि तोच व्हिडिओ पुन्हा सुरू होतो. शिक्षिका वाकून वही बघते आणि म्हणते, 'कसं केलंस हे? मला करून दाखव बरं.' अर्ध्या मिनिटात दोघांची वाट वेगळी होते. शिक्षकांना हे अर्धे मिनिट हवे असते, आणि पॅनेल लावणे, लिंक उघडणे, मुलांना गप्प बसवणे यात ते जाते असे त्यांचे म्हणणे आहे.

यावर उत्तर दिले जाते, की आताची सॉफ्टवेअर अशा चुका ओळखतात आणि प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचे काम देतात. हे काही सॉफ्टवेअरच्या बाबतीत खरे आहे, आणि प्रतिपक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे. दिल्लीत 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरची चाचणी झाली. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. साडेचार महिन्यांत माध्यमिक वयाच्या मुलांचे गणित प्रमाण विचलनाच्या ०.३७ इतके आणि हिंदी ०.२३ इतके सुधारले. शिक्षणातल्या प्रयोगांमध्ये हा परिणाम मोठा मानला जातो. पण ही मुले शाळा सुटल्यावर वेगळ्या केंद्रात येत होती. दीड तासाच्या सत्रातला निम्मा वेळ सॉफ्टवेअरवर आणि निम्मा वेळ लहान गटात माणसाने शिकवण्यात जात होता. सॉफ्टवेअर मुलाच्या इयत्तेचा धडा दाखवत नव्हते. मूल जिथे होते तिथून, म्हणजे पुष्कळदा कित्येक इयत्ता मागून, सुरुवात करत होते. शाळेचा तास त्यात गेला नव्हता, अभ्यासक्रम पुरा करण्याचे ओझे त्यावर नव्हते. या अटी काढून घेतल्या आणि तेच सॉफ्टवेअर चाळीस मुलांच्या वर्गात इयत्तेच्या पाठाऐवजी लावले, तर तोच परिणाम होईल असे तो अभ्यास सांगत नाही.

अटी बदलल्या की काय होते, याचे उत्तर गुजरातमधून मिळते. ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत गणिताचा एकच संगणकीय कार्यक्रम दोन प्रकारे वापरून पाहिला गेला. जिथे तो शिक्षकाच्या तासाऐवजी आला, तिथे मुलांचे गणित प्रमाण विचलनाच्या ०.५७ इतके घसरले. जिथे तो शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून आला, तिथे ते ०.२८ ने वाढले. सॉफ्टवेअर तेच, संस्था तीच. फरक होता तो शिक्षकाला बाजूला सारून ते आले की शिक्षकाच्या जोडीला आले, एवढाच. याहून स्पष्ट निकाल मागणे कठीण आहे. तरीही वर्गांत पॅनेल बसवणाऱ्या योजनांच्या कागदपत्रांत जोडीला की ऐवजी हा प्रश्न क्वचितच आढळतो.

मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांतला 'प्रथम' संस्थेचा जुना प्रयोगही इथे बोलका आहे. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे, असे गणिताचे खेळ दिले. गणित प्रमाण विचलनाच्या ०.४७ ने सुधारले. त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या भागात वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या तरुणीला थोडे प्रशिक्षण देऊन 'बालसखी' म्हणून नेमले होते. मागे पडलेल्या मुलांना ती रोज वेगळे घेऊन बसे. तिथली सुधारणा ०.२८ होती, पण दर मुलामागचा खर्च संगणकापेक्षा कितीतरी पटींनी कमी होता. खर्चाच्या हिशोबात बालसखी स्पष्टपणे सरस ठरली. पुढे देशभर उपकरणांची खरेदी वाढत गेली, बालसखीसारख्या नेमणुकांसाठी मात्र पैसा नाही असे सांगण्यात आले. या निवडीत मुलांचे नुकसान झाले आहे.

उपकरण दिले की शिक्षण होते, या समजुतीची सर्वांत मोठी परीक्षा पेरू देशात झाली. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या मोहिमेत तिथल्या सरकारने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास झाला, तेव्हा गणितात आणि भाषेत काहीही फरक आढळला नाही. लॅपटॉप मुलांना आवडले होते, ते वापरलेही जात होते. याच मोहिमेचा एक छोटा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्याच्या शाळेतही झाला होता. हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर हसणाऱ्या मुलांची छायाचित्रे तेव्हा बरीच फिरली. केंद्र सरकारने त्याआधीच, २००६ मध्ये, ही मोहीम राष्ट्रीय पातळीवर स्वीकारायला नकार दिला होता. तो नकार शहाणपणाचा होता.

महाराष्ट्राकडे याहून जुना अनुभव आहे. पुण्यात १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' सुरू झाली. मराठीतून शालेय विषयांवर हजारो कार्यक्रम तिथे तयार झाले, दूरदर्शनवरून दाखवले गेले, शाळांना दूरचित्रवाणी संच दिले गेले. निधी आटत गेला आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली. ज्या काळात स्मार्ट टीव्ही आणि टॅब यांच्यासाठी घोषणा होत होत्या, त्याच काळात मराठीत शैक्षणिक चित्रफिती कशा बनवायच्या हे जाणणारी माणसे घरी बसवली गेली. उपकरण खरेदी करता येते आणि उद्घाटनाला त्याचे छायाचित्र निघते. आशय तयार करणारी संस्था वर्षानुवर्षे चालवावी लागते. शिक्षकांना जेव्हा व्हिडिओ आपल्या पुस्तकाशी जुळत नाहीत, भाषा शहरी किंवा भाषांतरित आहे, असे वाटते, तेव्हा ते या तुटलेल्या परंपरेचाच परिणाम भोगत असतात.

करोनाच्या काळाचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी राज्याची मोहीम होती, आणि मुले फोनवर शिकली, म्हणून आता मागे फिरायचे कारण नाही, असे म्हटले जाते. ज्यांच्या घरी फोन होता, चार्ज होता, नेट होते आणि तो फोन वडिलांबरोबर कामावर जात नव्हता, ती मुले काही प्रमाणात शिकली. बाकीच्यांसाठी जे सुरू राहिले ते बहुतेक साध्या साधनांनी. 'टिलीमिली' ही मालिका सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दाखवली गेली. नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' ऐकवली गेली. सोलापूरच्या नीलमनगरात वस्तीतल्या भिंतींवर धडे रंगवले गेले, मुले अंतर ठेवून भिंतीपुढे उभी राहून वाचत. अनेक शिक्षक पारावर, देवळाच्या ओट्यावर मुलांना घेऊन बसले. मुलींची स्थिती तर आणखीच अवघड होती. २०२३ च्या 'असर' पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. 'विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिक्षण आवडते' असे सांगणारी जी सर्वेक्षणे त्या काळात ऑनलाइन फॉर्मवर घेतली गेली, त्यांत फोन नसलेल्या मुलीचे उत्तर येणे शक्यच नव्हते. त्या सर्वेक्षणांच्या निष्कर्षांवर आजही धोरणे आखली जावीत, हे गैर आहे.

तंत्रज्ञानाच्या बाजूचे काही मुद्दे मात्र विनाअट मान्य करायला हवेत. दृष्टिहीन मुलाला पाठ्यपुस्तक वाचून दाखवणारा फोन ही चैन नाही, हक्काची गोष्ट आहे. कर्णबधिर मुलीला चित्रफितीखालची अक्षरे आणि खुणांची भाषा मिळाली तर ती वर्गात खऱ्या अर्थाने बसते. नववी-दहावीत विज्ञानाचा शिक्षकच नसेल, प्रयोगशाळेचे कुलूप वर्षभर उघडत नसेल, तिथे चांगला ध्वनिचित्र पाठ नसण्यापेक्षा असणे कधीही बरे. सूर्यमाला, हृदयाचे स्पंदन, भूकंपलहरी, रासायनिक अभिक्रियेतली रेणूंची हालचाल, या गोष्टी फळ्यावर नीट उतरत नाहीत आणि पडद्यावर उतरतात. या सगळ्या ठिकाणी शिक्षकांचा विरोध नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. विज्ञान शिक्षकाची जागा भरण्याऐवजी पॅनेल पाठवले जाते, तेव्हा ते बोलतात, आणि ते बोलणे रास्त आहे.

'जगाबरोबर राहायचे तर हे करावेच लागेल' या युक्तिवादात जगाचा हवाला अर्धवट असतो. युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल शिक्षणातील तंत्रज्ञानावरच होता, आणि त्याचा मुख्य सूर सावधगिरीचा होता. उत्पादने उपयोगी ठरतात याचा निःपक्ष पुरावा फार थोडा आहे, असे त्यात नमूद आहे. ब्रिटनमध्ये तर शैक्षणिक तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपन्यांपैकी जेमतेम ७ टक्के कंपन्यांनी यादृच्छिक निवडीच्या चाचण्या केल्याचे आढळले. स्वीडनने त्याच वर्षी लहान इयत्तांत छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसे द्यायला सुरुवात केली. जे देश वीस वर्षे पुढे गेले, त्यांच्या आजच्या शंका आणि परभणीच्या किंवा पालघरच्या शिक्षकाच्या शंका एकच आहेत.

मतांची पाहणी करूच नये असा याचा अर्थ नाही. ती वेगळ्या रीतीने करावी लागेल. विद्यार्थ्याला 'आवडले का' याच्या जोडीला 'काल पडद्यावर पाहिलेले आज न बघता मांडून दाखव' असे सांगावे लागेल, आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावी लागतील. फोन नसलेल्या घरी कागदावरची प्रश्नावली न्यावी लागेल, मुलींची उत्तरे वेगळी मोजावी लागतील. शिक्षकाला 'तंत्रज्ञानाकडे तुमचा दृष्टिकोन कसा आहे' असे विचारण्याऐवजी विचारावे लागेल: गेल्या आठवड्यात पॅनेल किती तास चालले, किती वेळा बंद पडले, वीजबिल कोणी भरले, कोणत्या पाठाला ते खरोखर कामी आले आणि कोणत्या पाठाला नुसते लावले, माहिती भरण्यात शाळेचा किती वेळ गेला, तो वेळ परत मिळाला तर तुम्ही कोणत्या मुलाला घेऊन बसाल. या उत्तरांवरून खरेदीचा निर्णय झाला, तर दुरुस्तीचा आणि वीजबिलाचा खर्च उपकरणाच्या किमतीतच धरावा लागेल, माहिती भरायला केंद्रस्तरावर वेगळा माणूस नेमावा लागेल, आणि साधन कोणत्या इयत्तेला, कोणत्या विषयासाठी हवे हे त्या शाळेतल्या शिक्षकाने लिहून दिल्याशिवाय खोके गाडीत चढवता येणार नाही.